कार्ड कोरं नव्हतं

होळी झाली की भिलाईतलं ऊन एका दिवसात बदलतं. आदल्या सकाळपर्यंत अंगावर घ्यावीशी वाटणारी शाल घडी होऊन पेटीत जाते आणि दुपारी समोरचा रस्ता पांढरा दिसायला लागतो. कॅम्प-१ च्या गल्ल्यांमध्ये गच्चीवरचे कूलर खाली उतरतात. त्यांच्या जाळ्यांमधलं मागच्या वर्षीचं गवत झटकलं की धूळ उडते, आणि नवं गवत भरून पहिलं पाणी सोडलं की ओल्या लाकडासारखा एक वास घराघरांतून बाहेर येतो. त्याच वासात मिसळून येतो पाठांतराचा आवाज. एका खिडकीतून अकबराचे सुधार, दुसरीतून आम्ल आणि क्षार, तिसरीतून नुसतंच रडणं. आमच्याकडे परीक्षांचा मोसम असा येतो.

मी आता दुर्गच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवते. या दिवसांत पोरं प्रोजेक्टच्या फायली घेऊन स्टाफरूमच्या दाराशी रांग लावतात. मागच्या आठवड्यात बारावीची एक मुलगी आली, डोळे सुजलेले. तळहातावर मेमरी कार्ड धरून म्हणाली, "मॅडम, फोटो दिख ही नहीं रहे." मी तिला खुर्चीवर बसवलं आणि पहिला प्रश्न विचारला, "दिखा नहीं, उसके बाद तूने क्या-क्या किया?" ती म्हणाली, काहीच नाही, घाबरून सरळ तुमच्याकडे आले. मी तिला शाबासकी दिली. तिला वाटलं असेल, मॅडमची थट्टा चालली आहे. पण मी मनापासून दिली होती. कारण मी तिच्यासारखी घाबरले नव्हते. मी शहाणपणा केला होता.

ते वर्ष माझ्या एम.एस्सी.चं शेवटचं. विषय वनस्पतिशास्त्र. आमचे आजोबा भंडाऱ्याकडून रेल्वेत गँगमन म्हणून आले, दुर्ग लाईनवर रुळांचे बोल्ट आवळता आवळता म्हातारे झाले. बाबा आठवी शिकून भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये इलेक्ट्रिशियन झाले. आईनं चौथीत शाळा सोडली. कॉलेजचं दार ओलांडणारी घरात मी पहिली, आणि हे मी कोणाला विसरू देत नसे. वर्तमानपत्र आलं की मोठ्यानं वाचायचे. औषधाच्या बाटलीवरचं इंग्रजी मीच वाचायचे, गॅसचा फॉर्म मीच भरायचे. मला तो मान हवाच होता, आणि घरच्यांनी तो कुरकूर न करता दिला होता.

माझा प्रबंध नंदिनी नगरच्या चुनखडीच्या खाणींवर होता. दगड काढून झालेले, वर्षानुवर्षं तसेच पडून राहिलेले खड्डे तिथे आहेत. तिथे माणसानं काही लावलेलं नाही, तरी झाडं येतात. कोणती येतात, कोणत्या क्रमानं येतात, कोणत्या दगडाच्या खपलीत मूळ धरतात, हे मला दाखवायचं होतं. जानेवारीपासून होळीपर्यंत, बाबांचा ऑफ ज्या वारी येईल त्या वारी, आम्ही दोघं स्कूटरवर तिकडे जायचो. कॉलेजचं पत्र माझ्या पिशवीत, डिपार्टमेंटचा कॅमेरा गळ्यात, आणि बाबांच्या डिकीत आईनं दिलेली भाकर आणि मिरचीचा ठेचा.

त्या खड्ड्यांचा रंग अजून डोळ्यांसमोर आहे. सकाळी करडा, दहा वाजता पिवळट, बारा वाजता बघवत नाही असा पांढरा. काठावर पळस पेटलेले. खाली उतरलं की वारा बंद, नुसता दगडाचा गरम श्वास. त्या दगडावर जमिनीला चिकटून भुईरिंगणीचं एखादं जांभळं फूल, सगळीकडून काट्यांनी राखलेलं. कंबरमोडीची पिवळी बटणं. एका खड्ड्यात, जिथे पाणी झिरपायचं, तिथे बोटाच्या नखाएवढी निळी फुलं आली होती. ती मी फेब्रुवारीत पाहिली, मार्चात गेले तर तिथे फक्त पांढरा सुकलेला काथ्या होता. म्हणजे काय, तर ज्याचा फोटो त्या दिवशी घेतला त्याचाच घेतला. परत जाऊन घेऊ, असं त्या मोसमात काही नव्हतं.

फोटो सगळे एकाच कार्डात होते. आता कोणी म्हणेल, एवढी एम.एस्सी.ची पोर आणि दुसरीकडे उतरवून ठेवले नाहीत? नाही ठेवले. कॅमेऱ्याची वायर डिपार्टमेंटमधून केव्हाच हरवली होती, आणि माझ्याकडे लॅपटॉप आला तोच मुळी फेब्रुवारी संपताना. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर फोटो दिसत होते ना, मग झालं. कार्डात आहेत म्हणजे आहेत.

लॅपटॉप सुपेल्याच्या बाजारातून घेतलेला, आधी कोणीतरी वापरलेला. त्याच्यातली सिस्टिम आठवड्यातच बसली. माझी मैत्रीण खुशबू कॉम्प्युटरवाली, तिनं पेन ड्राइव्हवरून त्यात लिनक्स ही दुसरी सिस्टिम टाकून दिली. "ये सबका है, किसी के बाप का नहीं," ती म्हणाली होती, "और इसमें वायरस का झंझट नहीं. बस, जो स्क्रीन पे लिखा आए वो पढ़ना पड़ता है." पढ़ना पड़ता है! मला सांगते. मी हसले होते.

होळीची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी मी डिपार्टमेंटला कॅमेरा परत केला, कार्ड काढून घेतलं. कपाटाला कुलूप लागलं, डिपार्टमेंट सोमवारी उघडणार. सोमवारीच माझा व्हायवा. बाहेरचे परीक्षक येणार होते. त्यांच्यासमोर प्रबंधाची प्रत ठेवायची, त्यात चौतीस झाडं आणि प्रत्येकाचा छापलेला फोटो. मजकूर तयार होता, फोटोंच्या जागा रिकाम्या ठेवल्या होत्या. फोटो नसले तर प्रबंध नाही, प्रबंध नसला तर त्या वर्षीची डिग्री नाही. आणि पुढच्या वर्षी बाबा रिटायर होणार होते. त्यांना प्लांटमधून घरी यायच्या आधी सगळ्यांना सांगायचं होतं, पोरगी एम.एस्सी. झाली. हे ते बोलले नव्हते. मला ठाऊक होतं.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, हातांवरचा गुलाबी रंग अजून गेला नव्हता, तेव्हा मी कार्ड लॅपटॉपच्या बाजूच्या खाचेत सरकवलं. टक् असा आवाज झाला. स्क्रीनवर काही आलं नाही. म्हणजे एक करडी चौकट आली, तिच्यात बारीक इंग्रजी होतं. मी ती बंद केली, मोबाईलवरची जाहिरात बंद करते तशी. पुन्हा कार्ड काढलं, घातलं. पुन्हा चौकट. पुन्हा बंद.

मग जे सगळे करतात ते सगळं केलं. फुंकर मारली. कार्डाच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवलं. लॅपटॉप बंद करून चालू केला. वाटलं, खाचच बिघडली असेल, जुना माल. शेजारच्या घरून यूएसबीत लावायचा सुटा रीडर मागून आणला. त्याचा लाल दिवा लागला, लुकलुकला, आणि वर तेच. खुशबूनं दाखवलेली ती काळी खिडकी उघडली, जिच्यात लॅपटॉप स्वतःशी काय बोलतो ते ओळीओळीनं दिसतं. कार्ड घातलं की चार ओळी सरसर येत होत्या. आल्या की मला बरं वाटायचं, काहीतरी हालचाल आहे म्हणून. पण त्या ओळी काय म्हणतात ते मी पाहिलं नाही. मला फोटो पाहायचे होते.

आई भजी तळत होती. आतून म्हणाली, "का व, का झालं?"

"कार्ड दिसून नाही राहिलं."

"कावून?"

"मालूम असतं तर अशी बसली असती का मी?"

"तुयी झाडं त्याच्यातच आहेत ना सगळी?" आई झारा घेऊनच दारात आली. "दोन महिने बापलेक उन्हात भाजून आले, झाडं डब्बीत भरून आनली, अन् आता डब्बीच उघडत नाही म्हने! आमच्या लोनच्याची बरनी बरी, फडक्यानं धरली का उघडते."

मला त्या क्षणी हसू आलं नाही. आता येतं.

सुपेल्याला एका स्टुडिओत गेले. होळीनंतरचा दिवस, चौकात रस्त्याच्या कडेला अजून गुलालाचे ओघळ, दुकानदारांच्या कानांमागे हिरवा रंग. स्टुडिओवाल्यानं कार्ड त्याच्या जुनाट कॉम्प्युटरला लावलं, पडद्याकडे बघत दोन-तीनदा माऊस दाबला, मान हलवली आणि कार्ड काढून काचेवर ठेवलं. "उड़ गया, मॅडम. फॉरमॅट भी नहीं ले रहा. रख के जाओ, देखते हैं."

मी कार्ड उचललं आणि निघाले. ठेवून गेले नाही, एवढीच त्या सकाळी माझी अक्कल. परत येताना ऑटोत माझ्या शेजारी एक बाई टरबूज मांडीवर घेऊन बसली होती, आणि मी मुठीत टपाल तिकिटाएवढं कार्ड घेऊन. मला तिचा हेवा वाटला. तिच्याजवळ जे होतं ते दिसत तरी होतं.

घरी येऊन मी इंटरनेटवर शोधलं. माझ्यासारख्यांची तिथे जत्रा भरलेली. कोणाचं कार्ड दिसत नव्हतं, कोणाचा रीडर, कोणाचं काहीच. खाली खाली जात राहिले. एकानं लिहिलं होतं, मलाही हाच त्रास होता, ही एक ओळ चालवली आणि कार्ड नव्यासारखं झालं. त्याच्याखाली चार जणांनी आभार मानलेले. मी त्या ओळीत फक्त माझ्या कार्डाचं नाव बदललं, तेवढं मला जमत होतं, आणि काळ्या खिडकीत टाकून एंटर दाबलं.

उत्तर आलं, लिहिता येत नाही, हे फक्त वाचण्यासाठी आहे.

फक्त वाचण्यासाठी! अरे, वाचायलाच तर बसले आहे ना मी सकाळपासून. मी ती ओळ पुन्हा चालवली. तेच. पासवर्ड देऊन चालवली. तेच. आता मी हटूनच बसले. जबरदस्तीनं कसं करायचं ते शोधायला लागले, तर एका ठिकाणी लिहिलेलं सापडलं की कार्डाच्या कडेला एक बारीक खटका असतो, तो लॉकवर आहे का बघा.

कार्ड काढून पाहिलं. खटका खाली ओढलेला, आणि त्याच्यावर लाल इन्शुलेशन टेपची एक अगदी बारीक पट्टी, कात्रीनं कापून नीट बसवलेली. ती टेप मी सकाळपासून पाहत होते. पण बाबा आपल्या सगळ्या वस्तूंना लाल टेप लावायचे, पक्कड, टेस्टर, डबा, छत्रीची मूठसुद्धा, प्लांटमध्ये कोणाच्या वस्तूत मिसळू नये म्हणून. मला वाटलं, तशीच खूण असेल.

बाबा फर्स्ट शिफ्ट करून अडीचला घरी आले. दारात चपला काढत होते, तेवढ्यात मी कार्ड त्यांच्यासमोर धरलं.

"बाबा, हे तुम्ही केलं?"

"हो. बुधवारी. तू म्हनली ना, फोटोचं काम झालं, आता एकबी काढाचा नाही. त्याच्यावर लॉक लिहिलेलं दिसलं. मंग लॉक केलं अन् टेप मारली."

"मले विचारलं का?"

"इचारासारखं का होतं त्यात? काम बंद, तर लॉक."

"तुमच्या या लॉकच्यापायीच सगळं अडून राहिलं!" मी ओरडले. अख्ख्या गल्लीनं ऐकलं असेल. "सकाळपासून मरून राहिली मी इथं. ज्यातलं समजत नाही त्याले हात कावून लावता तुम्ही?"

बाबांनी चपला बाजूला लावल्या. मोरीत जाऊन पाय धुतले, टॉवेलनं पुसले, आणि येऊन माझ्यासमोर खाली बसले. हात पुढे केला. मी कार्ड दिलं. त्यांनी नखानं टेपचं टोक उचलायला घेतलं आणि थांबले.

"काढतो. पन पहिले सांग, लॉक काढल्यावर तू का करशील?"

"तुमाले नाही समजनार, बाबा."

"नाही समजलं तरी सांग. लाईन चालू कराच्या आधी आपन इचारतच असतो."

हे मला लहानपणापासून माहीत होतं. प्लांटमध्ये मोटरवर काम करायचं तर आधी तिचा खटका बंद करायचा, त्याला कुलूप लावायचं, आणि वर आपल्या नावाचा लाल टॅग अडकवायचा. तो टॅग ज्यानं लावला त्यानंच काढायचा, दुसऱ्या कोणी नाही, साहेबानंही नाही. आणि काढायच्या आधी तोंडानं विचारून घ्यायचं, कोण आहे पलीकडे, खटका दिला की काय फिरेल. बाबांच्या तरुणपणी एकानं न विचारता खटका दिला होता. पलीकडे कोण होतं ते बाबांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. फक्त घरातला पंखा दुरुस्त करतानाही ते मेन स्विचवर लाल चिंधी बांधायचे, आणि आम्ही हसायचो.

"ही एक कमांड आहे," मी चिडूनच म्हटलं. "ती दिली का कार्ड नीट होते."

"नीट म्हंजे कसं?"

"म्हंजे त्याच्यात नवी फाइल सिस्टिम बनते."

"ते का असते?"

"रॅक समजा. तुमच्या स्टोअरमधे सामान ठेवाले रॅक असतेत ना, तसे. ते रॅक नवे बनतेत."

"अन् जुने रॅक?"

"ते निघून जातेत."

"त्याच्यावरचं सामान?"

मी स्क्रीनवरची ती ओळ पुन्हा पाहिली.

कूलरमधून थेंब थेंब पाणी टाकीत पडत होतं. आई आतून काहीतरी विचारत होती. बाबा माझ्याकडे बघत होते, चेष्टेनं नाही, रागानं नाही, जसं ते पलीकडच्या हेल्परच्या उत्तराची वाट बघत असतील तसं. त्यांना खरंच माहीत नव्हतं म्हणून ते विचारत होते.

"बाई, सामान कुठी जाते?"

"जाते," मी म्हटलं. "सगळंच जाते."

ज्या माणसाचं कार्ड नव्यासारखं झालं, त्याच्या कार्डात काही नसणारच. तो खूश झाला, चार जण खूश झाले, आणि मी चौतीस झाडं त्यांच्या रांगेत उभी केली होती. एकदा नाही, तीनदा. मग आणखी एक आठवलं. 'फॉरमॅट भी नहीं ले रहा.' म्हणजे सुपेल्यातल्या माणसानंही मला न विचारता बटण दाबून पाहिलं होतं. त्यालाही या नखाएवढ्या पट्टीनं नाही म्हटलं होतं.

बाबांनी टेपचं उचललेलं टोक अंगठ्यानं दाबून पुन्हा चिकटवलं. "मंग राहू दे," म्हणाले, आणि आईला हाक मारली, "भजे आहेत का व, का सगळे पोरीनंच खाल्ले?"

मी रडले नाही. बाबांनी दोन भजी माझ्या हातावर ठेवली. मी त्यांच्यावर ओरडले होते. मला त्यांची माफी मागायची होती, आणि आमच्या घरात ती कशी मागतात ते मला कोणी शिकवलं नव्हतं. मी म्हटलं, "चहा टाकू का?" ते म्हणाले, "टाक."

चहा झाल्यावर मी खुशबूला फोन लावला, जो सकाळीच लावायला हवा होता. सकाळी का लावला नाही? कारण तिला वाटलं असतं, हिला येत नाही.

"रीडर ख़राब है," मी सांगितलं.

"किसने बोला?"

"दिख नहीं रहा तो ख़राब ही होगा ना!"

"कार्ड डालने पे स्क्रीन पे कुछ आता है?"

"एक डब्बा आता है."

"उसमें क्या लिखा है?"

"अंग्रेज़ी में कुछ है," मी म्हटलं.

"पढ़ा नहीं ना तूने? सच बोल. एम.एस्सी. फाइनल, और एक लाइन नहीं पढ़ी गई तुझसे. चल, डाल कार्ड. पूरा पढ़के सुना."

मी कार्ड घातलं. करडी चौकट आली. आयुष्यात पहिल्यांदा मी ती शेवटपर्यंत वाचली. तिच्यात लिहिलं होतं, कार्ड मिळालं आहे, पण त्याच्यातल्या फायली ज्या पद्धतीनं मांडल्या आहेत ती पद्धत मला माहीत नाही.

"बस," खुशबू म्हणाली. "रीडर भी ठीक, कार्ड भी ठीक. बड़े कार्ड की लिखावट अलग होती है, तेरे सिस्टम को आती नहीं. एक छोटा-सा पैकेज डालना है, उसको सिखाना है. दो मिनट." मग थांबून, "बीच में और कुछ चलाया तो नहीं?"

"चलाया."

"क्या?"

मी सांगितलं. पलीकडून "हे भगवान!" एवढंच.

"कुछ नहीं हुआ," मी म्हटलं. "बाबा ने लॉक करके टेप मार दी थी."

"अंकल ने?" ती हसत सुटली, आणि तिच्या हसण्यानं माझ्या छातीवरचा दगड जरासा सरकला. "अंकल को बोल, एक पट्टी मेरे पे भी मार दें. मेरा भी वाइवा है."

ती सांगत गेली, मी एकेक अक्षर तपासून लिहीत गेले. एंटर दाबायच्या आधी दर वेळी मी मोठ्यानं सांगत होते, यानं काय होणार आहे. खुशबूला वाटलं तिला सांगते आहे. बाबा खाटेवर पडून ऐकत होते. मोबाईलचं इंटरनेट कासवासारखं, तरी ते पॅकेज खरोखरच इवलंसं होतं. आलं, बसलं. मी कार्ड काढलं आणि पुन्हा सरकवलं. टक्.

डाव्या बाजूला एक छोटं पिवळं चिन्ह आलं. त्यावर दाबलं. क्षणभर सगळं पांढरं, आणि मग एकेक करून, खालून पाणी झिरपून यावं तसे, फोटो वर आले. करडा दगड. पळस. भुईरिंगणी. कंबरमोडी. ती निळी फुलं, जी आता नंदिनीतही नव्हती.

"आले," मी म्हटलं. मला वाटतं मी ते फार हळू म्हटलं, कारण आईनं ऐकलं नाही आणि बाबांनी ऐकलं. खाटेची करकर झाली. ते येऊन माझ्या मागे उभे राहिले.

सुटलो, हा शब्द आपण किती सहज वापरतो. शाळा सुटली, गाडी सुटली. त्या दुपारी मला तो अंगात कळला. खांदे खाली आले. सकाळपासून दाताखाली धरलेली जीभ मोकळी झाली. बाहेर भंगारवाला ओरडत होता, त्याचा आवाजही गोड लागला. दोन महिन्यांचं ऊन परत मिळालं होतं, जसंच्या तसं, एक कण कमी नाही.

अजूनही कधी कधी मनात येतं, तो रीडर पहिल्या मिनिटापासून खरं सांगत होता. कार्डही भरलेलं होतं. मधे फक्त एक वाचणारा होता, ज्याला ती लिपी येत नव्हती. आणि त्या वाचणाऱ्याला वाचता येत नाही म्हणून मी कार्डालाच कोरं समजले, आणि खरोखर कोरं करायला निघाले. शाळेत शिकवायला लागल्यापासून हे मला जास्त टोचतं. वर्गात एखादं पोर उत्तर देत नाही, नुसतं बघत राहतं. वहीवर लाल रेघ मारायला हात उचलतो. तेव्हा मी थोडी थांबते. नेहमी थांबते असं म्हणणार नाही, साठ पोरांच्या वर्गात थांबता येत नाही. पण थांबते.

तर फोटो. मी एकेक मोठा करून पाहायला लागले. आई पदराला हात पुसत आली. दोन-तीन फोटो पाहून म्हणाली, "हा तुमचाच हात आहे ना जी?"

खरंच. फोटो काढताना माझं लक्ष झाडाकडे, पुढे पुढे तो हात मला दिसायचाच बंद झाला होता. झाड किती मोठं ते कळावं म्हणून शेजारी सहा इंची स्टीलची पट्टी धरायची असते, आणि ती दर वेळी बाबांनी धरली होती. कुठे उकिडवे बसून, कुठे दगडावर आडवं होऊन, काट्यांत हात घालून. चौतीस झाडं, आणि प्रत्येकाच्या शेजारी तो एकच हात. अंगठ्याच्या नखावर जुना काळा डाग, मनगटावर चटका लागून उरलेला वळ. हा हात फोटोत यायला नको, असं सुरुवातीला मला वाटलं होतं, हेही आठवलं. म्हटलं होतं, छापताना कापून टाकू.

नाही कापला. वेळ नव्हता, हे एक कारण. शनिवारी दुसऱ्या एका दुकानात फोटो छापून घेतले, रविवारी आईनं खळ लावून दिली आणि बाबांनी पट्टीनं मोजून एकेक चिकटवला. सोमवारी सकाळी प्रबंधाच्या प्रती कापडी पिशवीत घालून मी निघाले, तेव्हा बाबांची दुपारची सेकंड शिफ्ट होती. ते दारात उभे होते, त्यांनी पिशवीचा बंद ओढून पाहिला, पक्का आहे का.

बाहेरून आलेले परीक्षक पिकल्या केसांचे, कमी बोलणारे होते. त्यांनी मजकूर भराभर उलटला आणि फोटोंपाशी सावकाश झाले. एक पान, दुसरं पान. मी घाम पुसत उभी. मातीचा सामू विचारला, सांगितला. निळ्या फुलाचं शास्त्रीय नाव विचारलं, सांगितलं. मग त्यांनी चष्मा वर केला.

"ये हाथ किसका है? हर फोटो में वही है."

"मेरे पिताजी का, सर. प्लांट में इलेक्ट्रिशियन हैं."

त्यांनी पुन्हा पान उलटलं, पुन्हा पाहिलं. "एक भी जगह स्केल टेढ़ा नहीं है," ते म्हणाले. "हमारे रिसर्च वालों से नहीं होता ये. उनको बताना."

घरी जाऊन मी बाबांना सांगितलं. ते डबा भरून ड्यूटीला निघतच होते. ऐकून घेतलं, म्हणाले, "सहा इंचाची पट्टी, वाकडी धराले का झालं?" आणि स्कूटर काढली. चेहऱ्यावर काही नाही. मी आत आले.

पण गल्लीच्या तोंडाशी स्कूटर थांबल्याचं ऐकू आलं. तिथे प्लांटमध्ये त्यांच्याच शॉपमध्ये काम करणारे एक काका राहतात. मी खिडकीशी गेले. बाबा स्कूटर बंद न करताच, इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून त्यांना सांगत होते.

"पोरगी तर पास होनारच होती, भाऊ, तिचं का! पन बाहेरच्या साहेबानं माहा हात पाहिला. चौतीस वेळा पाहिला. अन् म्हने, हाबी पास."